बैलाचा हिशेब शेतीच्या वहीत मांडा

संविधानाचा अनुच्छेद ४८ व्हॉट्सअॅपवर सतत फिरत असतो, पण अर्धाच. गाई, वासरे, दुभती आणि ओढकामाची जनावरे यांच्या कत्तलीला बंदी घालण्यासाठी राज्याने पावले उचलावीत, एवढा भाग सगळ्यांना पाठ आहे. त्याच वाक्याची सुरुवात मात्र कुणी पुढे पाठवत नाही. राज्याने शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याचा प्रयत्न करावा, अशी ती सुरुवात आहे. गोवंशाचा विषय घटनेत आला तो शेतीच्या दारातून आला.

हे आपोआप घडले नाही. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत पंडित ठाकुरदास भार्गव यांची दुरुस्ती चर्चेला आली तेव्हा दोन मुस्लिम सदस्य बोलले. संयुक्त प्रांताचे झहीरुल हसनैन लारी म्हणाले त्याचा आशय असा, की बहुसंख्याकांना हे धर्मासाठी हवे असेल तर तसे स्पष्ट बोला, आम्ही आडवे येणार नाही, पण आडपडदा ठेवू नका. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनीही हेच विचारले, की श्रद्धेचा विषय असेल तर समजू शकतो, मग आर्थिक कारण कशाला पुढे करता? सभेने आर्थिक कारणच पुढे केले आणि ते घटनेत लिहिले.

मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच आहे की आपण ते लिहिलेले खरे मानून चालू. महाराष्ट्राचा गोवंश हत्याबंदी कायदा शेतीच्या नावाने आला असेल, तर त्याचा जमाखर्च शेतीच्या वहीत मांडायला हवा. गेली दहा वर्षे आपण तो ताटात मांडला. 'बीफ बॅन' हा इंग्रजी शब्द आपणच उचलला, खाण्याच्या स्वातंत्र्यावर पोस्टी लिहिल्या, मुंबई-पुण्यात चर्चासत्रे केली. त्यात खोटे काही नव्हते. पण औशाच्या किंवा केजच्या शेतकऱ्याला त्यात स्वतःचे काही दिसले नाही, आणि जे नुकसान सगळ्यात मोठे होते ते त्याचेच होते.

कायदा काय आहे ते आधी नीट पाहू, कारण आपल्यातल्याही पुष्कळांना ते माहीत नसते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. २०१५ मध्ये गायीसाठी नवे काही घडले नाही. १९७६ च्या कायद्यात बैल किंवा वळू शेतीला, ओढकामाला, पैदाशीला उपयोगाचा राहिला नाही असा दाखला मिळाला तर तो कत्तलखान्यात जाऊ शकत होता. युती सरकारने १९९५ साली आणलेल्या दुरुस्तीने ही वाट बंद केली. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळायला वीस वर्षे लागली आणि ४ मार्च २०१५ पासून ती लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आणि हे लक्षात ठेवा: कत्तलीसाठी विकणाराही या कायद्यात गुन्हेगार आहे. म्हणजे खाटकाइतकाच शेतकरीही. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. बाहेरच्या राज्यातले मांस जवळ बाळगण्याचा गुन्हा आणि निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करण्याची अट मात्र रद्द केली. त्या निकालाने ताटाला थोडा दिलासा मिळाला. गोठ्याला काहीच मिळाले नाही.

गोठा कसा चालतो हे शहरात वाढलेल्या आपल्या भावाबहिणींना सांगायला हवे. मी उदगीरकडचा. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला फार सांगावे लागणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन असते ती विकायची नसते, आणि बँकेत असते ते कर्ज. हाताशी असलेली मालमत्ता म्हणजे दावणीची जनावरे. खोंड घ्यायचा, दोन वर्षे वाढवायचा, आठ-दहा वर्षे औताला चालवायचा, दात पडू लागले की बाजार दाखवायचा आणि आलेल्या पैशात भर घालून नवा खोंड आणायचा. जुन्या बैलाचे पैसे हे नव्या बैलाचे भांडवल. आमच्या घरी चार एकर आहेत. २०१३ मध्ये अब्बांनी थकलेला देवणी बैल विकला, त्याचे १८,००० आले आणि त्यात उसनवारी करून जोडीला जोड आणली. त्याच्या पुढच्या बैलाची वेळ आली तेव्हा नवा कायदा लागू झाला होता. ओळखीचा हेडी दारात आला, बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "चाचा, फुकट दिलात तरी मला नेता येत नाही." तो हेडी मुसलमान नव्हता, हेही सांगून ठेवतो.

तो बैल पुढे तीन वर्षे दावणीलाच होता. कडबा, थोडी पेंड, पाणी मिळून दिवसाचे १०० रुपये धरा. दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी मिळत नाही तेव्हा हा आकडा कमीच आहे. वर्षाचे ३६,५०० होतात. चार एकर कोरडवाहू सोयाबीनमध्ये काही वर्षे एवढे निव्वळ हाती राहत नाहीत. अब्बांनी त्याला सांभाळले. सगळ्यांना जमत नाही, आणि ज्यांना जमत नाही ते रात्री जनावर दूरच्या शिवारात सोडून येतात. मग ते कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरते आणि काठ्या खाते. गोरक्षणाच्या कायद्याने गायीबैलांचे जे हाल केले ते पाहायला कुणी चार दिवस आमच्या शिवारात येऊन राहावे.

दुधाच्या पट्ट्यात हा प्रश्न आणखी कडू आहे. संकरित गाय दर वेताला वासरू देते आणि निसर्ग निम्मे नर देतो. होल्स्टिनचा गोऱ्हा औताला चालत नाही, त्याला आमच्या उन्हाची सवय नाही. पूर्वी त्याला काही ना काही किंमत होती. आज तो जन्मला त्या दिवसापासून तोटा आहे. त्याचे पुढे काय होते हे दूध घालणारा प्रत्येक शेतकरी जाणतो आणि कुणी बोलत नाही. चिकाचे दूध न पाजता उपाशी ठेवलेल्या वासराचा मृत्यू हत्याबंदीच्या कलमात बसत नाही.

सरकारला बैलाची किंमत माहीत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने मेलेल्या जनावरांसाठी मदत जाहीर केली: दुभत्या गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये. ते योग्यच केले. पण या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. रोगाने मेलेला बैल २५,००० चा, आणि म्हातारा होऊन गोठ्यात उभा असलेला बैल शून्याचा. ही किंमत बाजाराने शून्य केलेली नाही. मालमत्ता शेतकऱ्याची, तिची किंमत काढून घेतली सरकारने, आणि भरपाई दमडीची नाही. रस्त्यासाठी एक गुंठा घेतला तरी मोबदला देणारे हेच सरकार.

याचा परिणाम काय झाला ते पशुगणनेत दिसते. २०१२ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत तो १ कोटी ४० लाखांवर आला, म्हणजे दहा टक्के घट. ट्रॅक्टर वाढले, दुष्काळ पडले, हे खरे आहे आणि सगळी घट एका कायद्याच्या नावावर टाकणे बरोबर होणार नाही. पण याच काळात, याच दुष्काळात, याच महाराष्ट्रात म्हशींची संख्या ५६ लाखांच्या आसपास स्थिर राहिली. म्हैस या कायद्यात नाही. पश्चिम बंगालमध्ये असली बंदी नाही. तिथला गोवंश त्याच सात वर्षांत पंधरा टक्क्यांनी वाढून १ कोटी ९१ लाखांवर गेला आणि राज्य देशात पहिले आले. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश, दोन्हीकडे कडक कायदे, दोन्हीकडे संख्या घटली. ज्या जनावराला शेवटी किंमत आहे ते शेतकरी पाळतो. अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या माझ्या आजीलाही हे कळत होते.

यावर तीन उत्तरे हमखास येतात. पहिले, शेण-मूत्र. १९५८ मध्ये मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाय-वासरांवरची संपूर्ण बंदी मान्य केली होती, पण कामातून गेलेल्या बैलांनाही ती लावणे अवाजवी ठरवले होते. निरुपयोगी जनावरे उपयोगी जनावरांचा चारा खातात, हा त्यामागचा शेतीचाच विचार होता. २००५ मध्ये गुजरातच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने ते बदलले आणि शेण-मूत्र मिळते तोवर बैल निरुपयोगी होत नाही असे मानले. न्यायालयाचा निकाल शिरसावंद्य. पण एका बैलाचे वर्षभराचे शेण म्हणजे फार तर एखाद-दुसरी ट्रॉली खत. त्यातून ३६,५०० रुपये काढून दाखवणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

दुसरे उत्तर महात्मा फुल्यांचे नाव घेऊन येते, आणि ते टाळू नये. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी गोऱ्या सैनिकांसाठी होणाऱ्या गाईबैलांच्या कत्तलीवर टीका केली आहे, हे खरे. ती त्यांनी कोणत्या कारणाने केली? शेतकऱ्याला औताला बैल मिळेनासे झाले होते म्हणून. जोतीरावांनी आधी शेतकऱ्याचा हिशेब पाहिला, मग जनावराबद्दल मत दिले. आज बैल मिळत नाही तो कत्तलीमुळे नाही, परवडत नाही म्हणून. त्याच पद्धतीने हिशेब केला तर उत्तर वेगळे येते.

तिसरे उत्तर गोशाळा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केले आणि त्याच दिवशी गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. वर्षाचे १८,२५० रुपये. मी म्हणतो, उत्तम. पण मग तेच ५० रुपये माझ्या अब्बांच्या गोठ्यात का येत नाहीत? देवणी, लाल कंधारी, खिल्लार, डांगी, गवळाऊ या जाती कोणत्या ट्रस्टने जपल्या नाहीत. त्या शेतकऱ्याने, धनगराने, गवळ्याने जपल्या. अनुदान मात्र नोंदणी असलेल्या संस्थेला. शेतकऱ्याने माता सांभाळायची स्वतःच्या खर्चाने आणि तिच्या नावाचा पैसा जाणार दुसऱ्याच्या खात्यात. शिवाय योजना गायीची आहे, आणि खरा अडकलेला प्राणी आहे बैल आणि संकरित गोऱ्हा.

इथे आधुनिकतेचा मुद्दा येतो. २०२५ मध्ये राज्याने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, ५०० कोटींचे. ड्रोन येणार, उपग्रह येणार, शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळणार. येऊ द्या, माझा विरोध नाही. आपल्यातली शिकलेली मुले यात काम करतील तर चांगलेच. पण ज्या गोठ्यातून शेतकऱ्याचे रोजचे पैसे येतात तिथे आधुनिक म्हणून काय आहे ते विचारा. नर वासरांचा प्रश्न सोडवणारे तंत्र आज उपलब्ध आहे: लिंगनिर्धारित वीर्यमात्रा. त्यातून जन्मणारी दहापैकी सुमारे नऊ वासरे कालवडी असतात. केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये त्यासाठी सवलत आहे. ही मात्रा तुमच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कधीही, साध्या मात्रेच्या भावात मिळते का? तिथे डॉक्टर रोज असतो का? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधी कृत्रिम रेतन नीट करा, एवढे मागायला विद्यापीठाची पदवी लागत नाही.

आणि आधुनिक बाजार म्हणजे काय? विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मालाचा रस्ता मोकळा असणे. २०२५ च्या बकरी ईदच्या तोंडावर महाराष्ट्र गोसेवा आयोगाने ३ ते ८ जून जनावरांचे बाजार भरवू नयेत असे पत्र बाजार समित्यांना काढले. त्या बाजारात बकऱ्या, मेंढ्या, म्हशीही असतात. ओरड झाल्यावर सारवासारव झाली, पण पत्र काढताना बकऱ्या विकून पेरणीचे बी घेणारा धनगर कुणाला आठवला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात! ज्याला पेरणी कधी होते हे माहीत आहे तो असले पत्र काढत नाही.

त्यानंतर जुलैत राज्यभरच्या कुरेशी बिरादरीने जनावरांची खरेदीच थांबवली. कारण सगळ्यांना माहीत आहे. कायदेशीर पावती असलेल्या, म्हशी भरलेल्या गाड्याही रस्त्यात अडवल्या जात होत्या, माणसे मारली जात होती, जनावरे परस्पर गोशाळेत जात होती. बिरादरीने मोर्चा काढण्याआधी धंदाच बंद ठेवला आणि जे दहा वर्षांच्या भाषणांनी झाले नाही ते दोन महिन्यांत झाले. बाजार ओस पडले. भाकड म्हशी परत घरी न्याव्या लागलेले शेतकरी बोलू लागले. सत्ताधारी आघाडीतलेच आमदार सदाभाऊ खोत शेतकऱ्यांच्या बाजूने गोरक्षकांविरुद्ध उघड उभे राहिले. ऑगस्टमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कुरेशी समाजाच्या शिष्टमंडळाची बैठक घेतली आणि गाड्या तपासणे हे पोलिसांचे काम आहे, खासगी लोकांचे नाही, अशी भूमिका घेतली. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवसांत एक वयस्कर पाटील आले होते. चहा घेतला, आणि कुरेशी चाचांना म्हणाले, "बाबा, तुमचं भांडण मिटवा, पण आमच्या म्हशी घ्या." आमच्याकडच्या कोणत्याही सद्भावना मेळाव्यात मी असले प्रामाणिक वाक्य ऐकलेले नाही.

आपल्या लोकांबद्दलही दोन शब्द. गाडीत कोंबून भरलेली जनावरे, मोडलेले पाय, पाण्याशिवाय केलेला रात्रभरचा प्रवास, याचा बचाव मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका. जनावराला वाहून नेण्याचे नियम आहेत, ते पाळलेच पाहिजेत. दीन सांगतो म्हणूनही आणि कायदा सांगतो म्हणूनही. बिरादरीच्या संघटनांनी गाडीत किती जनावरे भरायची ते स्वतः ठरवून, मोडणाऱ्याला बाहेर काढावे. दुसरे, आपल्या शिकलेल्या पोरांचा एक आवडता समज आहे की शेती हा आपला विषय नाही. जमिनी आपल्याकडे कमी आहेत, हे खरे. पण भाजीचा हातगाडा, फळांची आडत, अंडी, कोंबड्या, कातडी, हाडे, दूध, जनावरांची दलाली, ट्रक, बाजारातला हमाल: शेतमाल शेताबाहेर पडला की तो किती ठिकाणी आपल्या हातातून जातो ते मोजा. शेतकरी बुडाला की आपला मोहल्ला आठ दिवसांत बुडतो. आणि कातड्याची साखळी तुटली तेव्हा त्यात चर्मकार, ढोर आणि हिंदू खाटीकही बुडाले. त्यांच्याकडे आपण कितीदा गेलो?

म्हणून मागणी शेतीची असावी आणि शेतीच्या भाषेत असावी. १९७६ ची दाखल्याची वाट बैलांसाठी पुन्हा उघडा. ते राजकारणामुळे जमत नसेल, तर सरकारने प्रत्येक बाजार समितीत खरेदी केंद्र उघडावे आणि औतातून गेलेला बैल लम्पीच्याच दराने, २५,००० रुपयांना विकत घ्यावा. मग तो राज्याचा. राज्याने त्याला मरेपर्यंत पोसावे. तेही नको असेल तर गोशाळेला मिळणारे रोजचे ५० रुपये गोठ्यात जनावर ठेवणाऱ्याच्या खात्यात टाकावेत. शेतकऱ्यावर विक्रीचा गुन्हा लावणारी तरतूद काढावी. श्रद्धा सगळ्या राज्याची असेल तर खर्च एकट्या शेतकऱ्याच्या दावणीला का बांधता, एवढेच विचारायचे आहे.

२५ ऑक्टोबर २०२४ ला एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिचे आकडे हातात आले की आपापल्या तालुक्याचे तीन रकाने काढा: बैल, म्हैस, मोकाट जनावरे. ते घेऊन ग्रामसभेत जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकी जी आधी येईल ती. ठरावात धर्माचा शब्द नको, ताटाचाही नको. "आमच्या गावातील औतातून गेलेले बैल शासनाने २५,००० रुपये दराने खरेदी करावेत, अन्यथा शेतकऱ्यास ते विकण्याची मुभा द्यावी," एवढे एक वाक्य पुरे. सूचक म्हणून ज्याच्या गोठ्यात असा बैल उभा आहे त्याचे नाव घाला. अनुमोदक म्हणून तुमचे.